ब्लाउज आजच्या मापाचा शिवा

बेळगावच्या शहापुरात मी 22 वर्षं ब्लाउज शिवते. कमरेला टेप लावला की बाई हमखास श्वास रोखते, पोट आत ओढते. मग हळदीकुंकवाला बसल्यावर हूक तटतटतात आणि मला फोन येतो. म्हणून आधी एवढं करा: माप देताना श्वास सोडा, हात खाली सोडा, घरात उभ्या राहता तशाच उभ्या राहा. आकडा मोठ्यानं वाचलेला नको असेल तर तसं सांगा. मी आता गुपचूप वहीत लिहिते.

"दोन महिन्यांत बारीक होणार आहे, दोन इंच कमीच धर," असं टेलरला सांगू नका. हा शहाणपणा मी स्वतः केलाय. धाकट्या दिराच्या लग्नात 38 च्या अंगावर 36 चा ब्लाउज चढवला. अक्षता टाकायला हात वर केला आणि मुंढ्यात टर्रकन उसवलं. पदर गुंडाळून पंगतीत बसले. पानात मांडे पडले, तेही दोन घासांत आटोपले. मांडे, हो! त्या लग्नातलं दुसरं काही आठवत नाही मला.

शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला आमच्यात माया म्हणतात. दोन्ही बगलेत इंचभर माया ठेवून घ्या आणि शेजारी शेजारी तीन शिवणी मारायला सांगा. घट्ट झाला की आतली एक उसवायची, ढिला झाला की पुन्हा मारायची. एवढ्या मायेत ब्लाउज दोन-तीन इंच सहज सुटतो. कपाटात 'बारीक झाल्यावर घालीन' म्हणून ठेवलेले ब्लाउज असतील तर माया असलेले उसवून आणा, बाकीचे देऊन टाका. सकाळी कपाट उघडल्या उघडल्या ते टोचत राहतात.

वजनकाटा माझ्याकडेही होता. सकाळी 64, रात्री 65 आणि काही. पाळीच्या आधी आणखी वर. खारातला बांगडा खाल्ला की दुसऱ्या दिवशी काटा पुढे. ते बहुतेक पाणीच असतं. एका दिवसात किलोभर चरबी अंगावर चढत नाही. हे कळूनही मी दिवसातून तीनदा चढायची, म्हणून काटा शेवटी माळ्यावर टाकला. पहिला आठवडा हात शिवशिवतो, नंतर विसरायला होतं.

उपाशी राहून तर हा नाद वाढतोच. माझी मुलगी नर्सिंग शिकते, तिनं सांगितलेलं. अमेरिकेत 1944-45 साली अँसेल कीज या शास्त्रज्ञांनी 36 धडधाकट पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांच्या डोक्यात दिवसभर जेवणच घोळायला लागलं, काही जण पाककृती जमवत बसले. मी रात्रीचं जेवण सोडलं होतं तेव्हा मशीनवर बसून मलाही कुंदाच दिसायचा. पुढे 1972 साली याच कीजनी 'बीएमआय', म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, हे नाव रूढ केलं. मूळ सूत्र बेल्जियमच्या केतले या गणितज्ञांचं, 19 व्या शतकातलं, माणसांच्या मोठ्या समूहाची सरासरी बघण्यासाठी काढलेलं. सरासरी मापाचा ब्लाउज शिवला तर तो कुणाला बसेल, मला विचारा.

मात्र काही न करता वजन भराभर घटलं किंवा वाढलं, दम लागू लागला, पाळी बिघडली, तर डॉक्टरकडे जा. तिथे काटा लागतो.

राहिली माणसं. इकडं भेटल्यावर मराठीत "जाडी झालीस की गे" आणि कन्नडात "दप्प आगीरल्ला", दोन्ही ऐकायला मिळतं. वाद घालू नका. मी "होय की, चहा घेणार काय?" म्हणते आणि दूध गॅसवर ठेवते. लेकीसमोर कुणी बोललं तर मात्र तिथल्या तिथे थांबवते, मग ती नणंद असो नाहीतर सासू.

आणि अस्तराचं सुती कापड शिवायला देण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. तसंच शिवलं तर पहिल्या धुण्यात आटतं, आणि बायका आठवडाभर भात बंद करतात.