मल्टिकास्ट चालू करायच्या आदल्या दिवशी

समजा, आवारात 120 कॅमेरे आहेत, प्रत्येकाचं चित्र 4 एमबीपीएसचं, आणि तेच चित्र कंट्रोल रूम, गेट आणि रेकॉर्डर अशा तिघांना एकाच वेळी हवंय. यासाठीच मल्टिकास्ट: कॅमेरा चित्र एकदाच पाठवतो आणि ज्यांना हवं त्यांच्यासाठी त्याच्या प्रती नेटवर्क काढतं. राउटरवर पहिली कमांड टाकायच्या आधी कागद घ्या आणि चित्राची वाट उलटी काढा: पाहणाऱ्यापासून कॅमेऱ्यापर्यंत. मल्टिकास्टमध्ये राउटर आधी पॅकेट कुठून आलं ते तपासतो, म्हणून तयारीही त्याच दिशेने केलेली बरी.

पाहणाऱ्याच्या टोकाला पहिला भेटतो तो स्विच. त्यावर आयजीएमपी स्नूपिंग (‘मला हे चित्र हवंय’ असे पाहणाऱ्यांचे आयजीएमपी निरोप ऐकून फक्त त्यांच्याच पोर्टवर चित्र देणं) चालू हवं, नाहीतर 480 एमबीपीएसचा लोंढा प्रत्येक पोर्टवर जाईल आणि 100 एमबीपीएसवर चालणारा बिचारा प्रिंटरही गुदमरेल. पण नुसतं स्नूपिंग पुरत नाही. त्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर आखलेल्या वेगळ्या आभासी जाळ्यात) ‘कोणाला काय हवंय’ असं विचारणारा क्वेरिअर लागतो. राउटरच्या इंटरफेसवर पीआयएम (राउटरांनी आपसात मल्टिकास्टची वाट ठरवायचा प्रोटोकॉल) असेल तर ते काम राउटर करतो. नसेल तर स्विचवर क्वेरिअर नेमा. एका ठिकाणी मी हे विसरलो होतो. चित्र छान सुरू झालं, सगळे घरी निघाले आणि चार-साडेचार मिनिटांत पडदे काळे. आयजीएमपीची नेहमीची मुदत 260 सेकंदांची असते. तेवढ्या वेळात कोणी विचारलंच नाही, म्हणून स्विचने सभासद पुसून टाकले. त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी राउटरमध्येच दोष शोधत होतो.

चित्रांचे मल्टिकास्ट पत्ते आधीच वाटून घ्या. आपल्या आवारापुरते असतील तर 239 ने सुरू होणारे. मात्र 239.0.0 आणि 239.128.0 हे पट्टे वापरू नका: 32 आयपी पत्त्यांमागे एकच मॅक पत्ता (स्विच ज्यावरून वाट ठरवतो तो हार्डवेअरचा पत्ता) येतो, आणि या दोन पट्ट्यांचे मॅक 224.0.0 या राखीव पट्ट्याशी जुळतात. स्विच ते सगळीकडे पसरवतो. याच कारणाने 239.10.1.5 आणि 239.138.1.5 हे दोन्ही एकाच जाळ्यात देऊ नका.

आता राउटर. जास्तीत जास्त वेळ इथे द्या. कॅमेऱ्याकडे जाणाऱ्या युनिकास्ट (एकाकडून एकाकडे जाणाऱ्या नेहमीच्या वाहतुकीच्या) रूटवरच्या प्रत्येक इंटरफेसवर पीआयएम स्पार्स मोड (मागणी असेल तिकडेच चित्र पाठवणारा) आहे ना, हे एकेक करून तपासा. दोन लिंक असतील आणि पीआयएम एकीवरच चालू असेल, तर रूट दुसरीकडे बोट दाखवतो आणि आरपीएफ तपासणीत (पॅकेट स्रोताकडे जाणाऱ्या रूटच्याच इंटरफेसवरून आलं का, हे पाहताना) पॅकेट गुपचूप टाकलं जातं. पिंग मात्र व्यवस्थित चालत राहतं! म्हणून प्रत्येक राउटरवर ‘शो आयपी आरपीएफ’ला कॅमेऱ्याचा पत्ता देऊन आलेलं उत्तर कागदावरच्या वाटेशी ताडून पाहा.

उपकरणांना आयजीएमपी आवृत्ती 3 येत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: 232 चा पट्टा घ्या आणि एसएसएम (स्रोत नेमून चित्र मागायची पद्धत) वापरा. पाहणारा थेट स्रोताचं नाव घेतो, त्यामुळे रॉन्देव्हू पॉइंट (स्रोत आणि पाहणारे यांची गाठ घालून देणारा राउटर) लागतच नाही. जुन्या उपकरणांसाठी तो लागलाच तर लूपबॅकवर (राउटरच्या आतल्या, कोणत्याही एका लिंकवर न अवलंबणाऱ्या इंटरफेसवर) ठेवा, सगळ्या राउटरवर तोच पत्ता द्या आणि कोणते स्रोत नोंदणी करू शकतात ते फिल्टरने बांधून टाका. एक राउटर पडला तरी काम थांबायला नको असेल, तर एनीकास्ट पद्धतीने (दोघांना एकच पत्ता देऊन) दोन ठेवा.

आवाराबाहेर जाणाऱ्या इंटरफेसवर मल्टिकास्टची हद्द आखा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकने कमी होणारा पॅकेटमधला आकडा) पाहा. तो 1 असेल तर पहिल्याच राउटरवर चित्र संपेल.

चाचणीला आधी एकच कॅमेरा घ्या. तो नसेल तर आयपर्फ या जाळ्याच्या चाचणीच्या प्रोग्रामची दुसरी आवृत्ती चालेल. तिसरीला मल्टिकास्ट येत नाही. ‘शो आयपी एमराऊट’मध्ये (राउटरच्या मल्टिकास्ट तक्त्यात) चित्र ज्यावरून आत येतं तो इंटरफेस बरोबर दिसतोय का ते बघा आणि निदान दहा मिनिटं तसंच चालू द्या. 260 सेकंद उलटूनही चित्र टिकलं, की मगच उरलेल्या 119 कॅमेऱ्यांकडे वळा.