सप्टेंबरअखेरचं ॲमस्टरडॅम: कालव्यांच्या शहराची सहल कशी आखावी

ॲमस्टरडॅमचं नाव काढलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ट्युलिपचा येतो. तो आधीच निकालात काढू. कुकेनहॉफची प्रसिद्ध बाग साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. फुलांसाठी जायचं असेल तर एप्रिल गाठा. पण कालव्याकाठाने पायी भटकायचं असेल, सतराव्या शतकात आखलेलं शहर सावकाश बघायचं असेल, तर सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा यासारखा काळ नाही. शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी ओसरलेली असते. दुपारी अठरा अंशांच्या आसपास तापमान आणि संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत उजेड. पानगळीच्या रंगांची मात्र घाई करू नका. कालव्यांकाठची एल्मची झाडं तेव्हा बहुतेक हिरवीच असतात, पिवळा रंग खरा चढतो तो ऑक्टोबरच्या उत्तरार्धात.

तारखा ठरवताना

मराठी घराला सप्टेंबरमध्ये बाहेर पडायचं म्हणजे गणपती आडवे येतात. त्यामुळे विसर्जन झाल्यापासून घटस्थापनेपर्यंतचा पंधरवडा बघा. काही घरांत पितृपक्षात प्रवासाला निघत नाहीत. तुमच्याकडे तशी अडचण नसेल तर हा काळ ॲमस्टरडॅमच्या हवामानाशी नेमका जुळतो. मुलं बरोबर असतील तर शाळेच्या सहामाही परीक्षेचं वेळापत्रक मात्र आधी हातात घ्या.

आणखी एक गोष्ट पाहुण्यांच्या सहसा लक्षात येत नाही. सप्टेंबरच्या मध्यात तिथल्या राय प्रदर्शन केंद्रात प्रसारण क्षेत्राचं ‘आयबीसी’ नावाचं मोठं प्रदर्शन भरतं. त्या चार-पाच दिवसांत हॉटेलांचे भाव चढतात, म्हणून त्या वर्षीच्या तारखा बघून तो आठवडा टाळावा. याउलट सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी देशभर वारसा दिन असतो. एरवी बंद असणाऱ्या कितीतरी जुन्या वास्तू त्या दोन दिवसांत लोकांना फुकट बघता येतात. जुन्या घरांची आवड असेल तर महाग हॉटेल सोसूनही मी तेच दिवस निवडेन.

व्हिसा

नेदरलँड्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण पंधरा दिवसांवर विसंबू नका. मे-जूनमध्ये मुंबई-पुण्याच्या केंद्रांवर भेटीची वेळ मिळणं अवघड जातं, म्हणून सप्टेंबरच्या सहलीसाठी निदान जूनमध्ये तरी कामाला लागा. शुल्क प्रौढांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 45 युरो, त्याहून लहानांना काही नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

बँकेचे स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, जायची-यायची विमानाची आरक्षणं, राहण्याची सोय आणि किमान 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, हा गठ्ठा नीट लावा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. खात्यात शेवटच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम भरून शिल्लक फुगवण्याची युक्ती करू नये. तपासणारे नेमकं तेच बघतात.

मुक्काम कुठे करावा

मुख्य स्थानकासमोरचा डॅमराक रस्ता आणि त्यालगतची जुनी वस्ती राहायला निवडू नका. तिथे रात्रभर गजबज असते, खोल्या लहान आणि भाव मोठे. दक्षिणेकडचं डे पैप किंवा पश्चिमेकडचं औड वेस्ट हे भाग राहत्या माणसांचे आहेत. ट्राम दारात, बाजार जवळ. योर्डान सगळ्यात देखणं, पण खिशाला जड. पैसे वाचवायचे असतील तर हार्लेमला राहा. ते स्वतःच एक सुंदर जुनं शहर आहे आणि तिथून रेल्वेने ॲमस्टरडॅम वीस मिनिटांच्या आत.

आरक्षण करण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, दाखवलेल्या किमतीत शहराचा पर्यटन कर धरला आहे का? तो खोलीच्या भाड्याच्या 12.5 टक्के आहे, आणि बऱ्याचदा शेवटी जोडला जातो. दुसरी, लिफ्ट आहे का? कालव्याकाठच्या जुन्या घरांतले जिने आपल्या वाड्यातल्या माळ्यावर चढायच्या जिन्यासारखे असतात: अरुंद, उभे, धरायला कधी नुसता दोर. आई-वडील बरोबर असतील, गुडघे दुखत असतील, तर बाकी सगळं सोडून आधी लिफ्टचं विचारा.

तिकिटं: ॲन फ्रँकचं घर सगळ्यात आधी

प्रिन्सनग्राख्ट कालव्यावरच्या 263 क्रमांकाच्या इमारतीच्या मागच्या भागात ॲन फ्रँक या ज्यू मुलीचं कुटुंब नाझींच्या भीतीने जुलै 1942 पासून लपून राहिलं. 4 ऑगस्ट 1944 रोजी त्यांना पकडलं गेलं. इथलं तिकीट फक्त ऑनलाइन आणि फक्त त्यांच्याच संकेतस्थळावर मिळतं, दारात मिळत नाही. दर मंगळवारी तिथल्या सकाळी दहा वाजता सहा आठवड्यांनंतरच्या भेटींची तिकिटं खुली होतात. उन्हाळी वेळेनुसार आपण साडेतीन तास पुढे, म्हणजे आपल्या दुपारी दीड वाजता. सप्टेंबरअखेर जायचं असेल तर ऑगस्टच्या मध्यातला मंगळवार कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दीडच्या आधी कार्ड हाताशी घेऊन बसा. तिकिटं लवकर संपतात. आत फोटो काढू देत नाहीत, ते योग्यच आहे. मुलांना नेणार असाल तर निघण्यापूर्वी तिची डायरी घरात वाचली जावी असं मला मनापासून वाटतं. त्याशिवाय त्या रिकाम्या खोल्या मुलांशी बोलत नाहीत.

व्हॅन गॉग संग्रहालयालाही वेळ ठरवून ऑनलाइनच तिकीट काढावं लागतं. राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटचं 1642 सालचं ‘नाइट वॉच’ हे चित्र आहे. अठरा वर्षांखालच्यांना तिथे प्रवेश फुकट. एका दिवशी एकच संग्रहालय, हा माझा ठाम सल्ला. सकाळी नऊला राइक्सम्युझियम, दुपारी व्हॅन गॉग असं कोंबलं तर तिसऱ्या दालनापासून चित्रं नुसती समोरून सरकत राहतात, आणि कालव्यांना वेळच उरत नाही.

पोचल्यावर

मुंबईहून थेट विमान आहे, साधारण नऊ तासांचं. स्किपोल विमानतळाच्या खालीच रेल्वे स्थानक आहे, तिथून ॲमस्टरडॅम सेंट्राल या मुख्य स्थानकाला सुमारे पंधरा-सतरा मिनिटं लागतात. तिकिटाच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. टॅप करून पैसे देता येतात असं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड फलाटाच्या अलीकडच्या यंत्राला लावा, उतरल्यावर पुन्हा लावा. ट्राम, बस, मेट्रोलाही हेच. प्रत्येकाला वेगळं कार्ड हवं, आणि चढताना जे लावलं तेच उतरताना लावायचं. चढताना फोन आणि उतरताना कार्ड असं केलं तर हिशेब जुळत नाही आणि जादा पैसे कापले जातात. निघण्यापूर्वी आपल्या बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर आणि टॅपची सोय दोन्ही चालू करून ठेवा. कित्येक दुकानं रोख घेतच नाहीत, तेव्हा नोटांचं पुडकं नेण्यात अर्थ नाही.

रस्त्यावर उतरलात की लाल रंगाच्या पट्ट्यावर उभं राहू नका. तो सायकलींचा मार्ग आहे आणि सायकलस्वार वेग कमी करत नाहीत. घंटी वाजली तर उडी मारून वाट बदलण्यापेक्षा आहे त्या जागी थांबणं सुरक्षित.

कालवे कसे बघावेत

पहिल्याच सकाळी पायी निघा. सेंट्रालहून पश्चिमेला ब्राउवर्सग्राख्ट गाठा. जुन्या गोदामांच्या मोठ्या लाकडी झडपा अजून तिथे दिसतात. तिथून हेरनग्राख्ट, कैझर्सग्राख्ट आणि प्रिन्सनग्राख्ट हे तीन मोठे कालवे अर्धवर्तुळात शहराभोवती फिरतात. 1613 पासून हा विस्तार टप्प्याटप्प्याने खोदला गेला, आणि 2010 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिन्ही कालवे पूर्ण चालायचा हट्ट नको. प्रिन्सनग्राख्टने खाली यावं, मधल्या आडव्या गल्ल्यांतून हेरनग्राख्टवर जावं, परत फिरावं.

चालताना मान वर ठेवा. घरांचे माथे बघा: काही पायऱ्यापायऱ्यांचे, काही मानेसारखे अरुंद, काही घंटेच्या आकाराचे. बहुतेक माथ्यांखाली एक तुळई बाहेर आलेली असते आणि तिला आकडा. जिने इतके अरुंद की सामान दोर लावून बाहेरूनच वर चढवायचं. ओझं भिंतीला घासू नये म्हणून कितीतरी घरं मुद्दाम थोडी पुढे झुकवून बांधली आहेत. बाजूला कललेली घरं मात्र पाया खचल्यामुळे. इथली जमीन मऊ, म्हणून जुनं शहर लाकडी खांबांवर उभं आहे. डाम चौकातल्या राजवाड्याखालीच 13,659 खांब आहेत. पाण्याखाली लाकूड टिकतं, पाणी उतरून हवा लागली की कुजतं. कालव्याची पातळी इथे इतकी जपतात त्याचं हेही एक कारण.

हेरनग्राख्टवर एका वळणाला घरं अचानक दुप्पट रुंद होतात. ते श्रीमंत व्यापाऱ्यांचं ‘सोनेरी वळण’. पुढे रेगुलिअर्सग्राख्टच्या तोंडाशी उभं राहिलं की एकामागे एक सात पूल दिसतात. इथे दिवेलागणीला या, कमानींवर दिवे लागलेले असतात.

होडीची फेरीही तेव्हाच घ्या. काचेच्या छताची मोठी बोट पावसात बरी, पण कोरड्या संध्याकाळी छोटी उघडी होडी घ्यावी. ती अरुंद कालव्यांत शिरते आणि चालवणाऱ्याशी बोलता येतं. अंगात जाकीट हवंच, पाण्यावर गारठा लवकर लागतो.

सायकल चालवायची हौस असेल तर मध्यवस्तीत नको. सेंट्रालच्या मागच्या धक्क्यावरून फुकटची फेरीबोट पकडून पलीकडे नोर्डला जा, आणि तिथून बांधाच्या कडेने डुर्गेरडॅम गावाकडे. भाड्याच्या सायकलींना बऱ्याचदा हाताचा ब्रेक नसतो. पॅडल उलटं फिरवलं की चाक थांबतं. आपल्याला सवयीने पॅडल मागे फिरवायची खोड असते, तेव्हा आधी मोकळ्या जागी दोन-चार वेळा थांबून बघा.

शाकाहारी खाणं

शाकाहारी माणसाचे इथे हाल होत नाहीत. सुरिनामी खानावळी शोधा. 1873 पासून उत्तर भारतातून मजूर म्हणून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत नेलेल्या लोकांचे वंशज पुढे नेदरलँड्सला आले आणि त्यांच्याबरोबर रोटी, बटाटा-शेंगांची भाजी आणि उडदाच्या पिठाचा ‘बारा’ नावाचा वडा आला. तिखट चटणीबरोबर गरम बारा खाऊन बघाच. चीज घेताना कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या, कारण पारंपरिक चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य, असतं. शाकाहारी रेनेटचं चीजही मिळतं. डे पैपमधला अल्बर्ट कैप बाजार रविवारी बंद असतो. बाकी दिवशी तिथे समोर भाजलेलं, पाकाने ओघळणारं स्ट्रोपवाफल खा. आणि कॉफी हवी असेल तर ‘कॅफे’त जा. ‘कॉफीशॉप’ची पाटी असते तिथे गांजा विकतात.

एक दिवस बाहेर

पॅरिस-ब्रुसेल्स याच सहलीत घुसवू नका. त्यापेक्षा रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत उट्रेख्टला जा. तिथल्या औडग्राख्टला दोन मजले आहेत: वर रस्ता, खाली पाण्यालगत धक्का आणि त्यात जुनी तळघरं, आता उपाहारगृहं झालेली. तसा कालवा ॲमस्टरडॅममध्ये नाही.

सामानात पावसाचं टोपीचं जाकीट घ्या, वाऱ्यात छत्री टिकत नाही. बूट आधी घरी वापरून सैल झालेले असावेत. आपल्या तीन पिनांसाठी ॲडॅप्टर लागेल. पाण्याची बाटली न्या, नळाचं पाणी बिनधास्त प्या. परतीच्या दिवशी विमानाच्या तीन तास आधी स्किपोलला पोचा. पासपोर्ट तपासणीची रांग सुरक्षा तपासणीनंतर वेगळी असते. आणि रेल्वेतून उतरल्यावर कार्ड यंत्राला लावायचं तेव्हाही विसरू नका.