आयटीआय आणि कारखान्याची भागीदारी: या चुका टाळा

चाकण, वाळूज, अंबड, कुठल्याही एमआयडीसीत तक्रार तीच. कारखानदार म्हणतो, आयटीआयची पोरं सीएनसीसमोर (संगणकावर चालणाऱ्या मशीनसमोर) उभी करायच्या लायकीची नसतात. निदेशक, म्हणजे आयटीआयचे शिक्षक, म्हणतात, कंपनी आमच्या पोरांना पॅकिंगला लावते. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतात. करार प्राचार्य आणि एचआर यांच्यात होतो. ज्या सुपरवायझरने आणि ज्या निदेशकाने तो निभवायचा, त्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

करारावर सह्या आहेत, माणसं नाहीत

फोटो छापून आला, वर्ष उलटलं, हालचाल शून्य. हे लक्षण दिसलं की करार काढून वाचा. त्यात ‘सहकार्य’ शब्द पाच-सहा वेळा सापडेल, पण कोण, कधी, कोणत्या मशीनवर, याचा पत्ता नसेल. २००७-०८ पासून देशातल्या १३९६ सरकारी आयटीआयसाठी खासगी भागीदारीची योजना आली. संस्था व्यवस्थापन समितीला अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज आणि समितीचा अध्यक्ष उद्योगातला, अशी रचना होती. रचनेत खोट नव्हती. पण अध्यक्ष बैठकीपुरता येणार असेल, तर कितीही पैसा आला तरी वर्कशॉपमध्ये काही बदलत नाही.

उपाय साधा आहे. एक निदेशक आणि एक शॉपफ्लोअर सुपरवायझर, दोघांची नावं करारात घाला. पहिल्या भेटीत अभ्यासक्रमावर भाषण नको. तुमच्याकडे सर्वाधिक रिजेक्शन येणारे दोन-तीन पार्ट आणि त्यांची ड्रॉइंग टेबलावर ठेवा. अभ्यासक्रम देशपातळीवर ठरतो आणि परीक्षाही त्यावरच होते, त्यामुळे निदेशकाला तो मनाला येईल तसा बदलता येत नाही. पण त्याच टर्निंगच्या सरावाला तुमचा पार्ट घ्यायला कोण अडवतंय? त्यापलीकडे स्वतःचा अभ्यासक्रम हवा असेल तर फ्लेक्सी-एमओयूची वाट आहे, आणि प्रशिक्षणाचे काही महिने कारखान्यात हवे असतील तर दुहेरी प्रशिक्षण पद्धत आहे.

मशीन दान केलं की काम झालं

जुनं व्हीएमसी (मिलिंगचं सीएनसी मशीन) भेट द्यायचं, फीत कापायची आणि निघून यायचं. सहा महिन्यांनी जाऊन बघा, मशीनवर प्लास्टिक असतं. बिघाड शोधायला फार खोल जावं लागत नाही. फाउंडेशन आणि लेव्हलिंग नीट नाही, व्होल्टेज खालीवर होतं, कॉम्प्रेसरचं प्रेशर पुरत नाही, इन्सर्ट (टूलची बदलायची कापणारी टोकं) आणि कूलंटसाठी संस्थेकडे पैसे नाहीत.

आणि एक बारीक गोष्ट, जी हमखास राहते. कंट्रोलमधली, म्हणजे मशीनच्या संगणकातली, बॅकअप बॅटरी. लांब सुट्टीत मशीन बंद, बॅटरी संपलेली, की पॅरामीटर (मशीनच्या मूळ सेटिंग) आणि प्रोग्राम उडाले. मग सर्व्हिस इंजिनिअर येईपर्यंत ते मशीन म्हणजे पांढरा हत्ती. ही बॅटरी कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची असते, हे निदेशकाला कोणीतरी हाताने करून दाखवायला हवं. पॅरामीटरचा बॅकअप काढून एक प्रत संस्थेत आणि एक कंपनीत ठेवा. मशीनसोबत दोन-तीन वर्षांचं एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) आणि इन्सर्टचा खर्च देणार नसाल, तर मशीनही देऊ नका. त्यापेक्षा तेच पैसे मायक्रोमीटर, बोअर गेज आणि त्यांच्या कॅलिब्रेशनवर घाला.

चालवता येतं, मोजता येत नाही

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. मुलगा बटणं झटकन शिकतो. मग १०० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट मशीनवरून उतरतो आणि तो लगेच मायक्रोमीटर लावतो. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) एच-सिक्स, म्हणजे १०० च्या खाली सगळी मिळून २२ मायक्रॉनची जागा; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला तुकडा, मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर स्टीलचा तो शाफ्ट सुमारे २३ मायक्रॉन फुगलेला असतो. रीडिंग ९९.९९० येतं, मुलगा ओके म्हणतो. थंड झाल्यावर तोच शाफ्ट ९९.९६७ भरतो, खालची मर्यादा ९९.९७८ असताना. दुपारी क्वालिटीवाला पूर्ण लॉट परत पाठवतो आणि खापर आयटीआयवर फुटतं.

हे शिकवायला रोबोटिक्सची लॅब लागत नाही. एकच जॉब गरम असताना आणि थंड झाल्यावर मोजायला लावा, दोन्ही रीडिंग वहीत लिहायला लावा. पुन्हा सांगावं लागत नाही. तसंच दशांश चिन्हाचं. काही कंट्रोलवर चिन्हाशिवाय टाकलेला आकडा मायक्रॉनमध्ये धरला जातो, काहींवर मिलिमीटरमध्ये. संस्थेतला सिम्युलेटर आणि कंपनीतलं मशीन यात हा फरक असेल तर तो पहिल्या दिवशी सांगा, टूल चकवर आदळल्यानंतर नको.

शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्त हात

३० किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. अनेक ठिकाणी एचआर हा आकडा भरतं आणि पोरं माल उचलायला जातात. १९६१ चा कायदा शिकाऊ उमेदवाराला कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी मानतो. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखालच्या अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइमही करून घेता येत नाही.

तीन महिन्यांत मुलं गळत असतील तर आधी विद्यावेतनावर बोट ठेवू नका. लॉगबुक मागवा. रोज एकच ओळ उतरवलेली दिसली की कारण सापडलं. सुपरवायझरलाही दोष देऊन भागत नाही; त्याचं मूल्यमापन नुसतं प्रॉडक्शनवर होत असेल, तर तो मुलाला सेटिंग शिकवायला मशीन का थांबवेल? शिकवण्याचा वेळ त्याच्या टार्गेटमधून वजा करा.

निदेशक आतच आला नाही

उन्हाळी सुट्टीत निदेशकाला दोन आठवडे लाइनवर बोलवा, पण पाहुणा म्हणून फिरवू नका. एका सेटरच्या (मशीन लावून देणाऱ्या कामगाराच्या) शेजारी उभं करा. शिफ्ट बदलताना काय बोलणं होतं, टूल कधी बदलतात, हे पुस्तकात सापडत नाही. जर्मन पद्धतीचं नाव घेणारे इथे एक गोष्ट विसरतात: तिकडे शिकाऊ मुलगा आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत असतो आणि कंपनीत त्याला शिकवायला पात्रता असलेला माणूस असतो. आपण नाव उचललं, माणूस नेमायचा राहिला.

मुली ट्रेडला येत नाहीत म्हणणाऱ्यांनी आधी चेंजिंग रूम आणि सेकंड शिफ्टची बस आहे का ते पाहावं.

वेळ चुकते

आयटीआयचं सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं. कंपनीला मार्चअखेरीला टक्केवारी आठवते, तोवर चांगली पोरं दुसऱ्याने हेरलेली असतात. निवड डिसेंबर-जानेवारीतच उरका. लेखी चाचणी घेऊ नका. एक ड्रॉइंग, एक शाफ्ट आणि एक मायक्रोमीटर द्या आणि जॉब पास की फेल ते विचारा. निवडलेल्याला रुजू व्हायची तारीख, विद्यावेतन आणि तो कोणाच्या हाताखाली शिकणार त्याचं नाव, हे सगळं त्याच दिवशी लेखी द्या.