संत्र्याचा शिरका का बिघडतो? या चुका टाळा

वरूड-मोर्शी, काटोल-नरखेडच्या पट्ट्यात आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर पिकणाऱ्या संत्र्याचा, तोडा सुरू झाला की व्यापारी बारीक फळ बाजूला काढतो. ते मातीमोल भावात देण्यापेक्षा घरी शिरका (व्हिनेगर) लावणारे आता बरेच झालेत. वाइनचा विषय मात्र इथे नाही. परवान्याशिवाय घरी दारू गाळणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, आणि वर्धा-गडचिरोलीत तर पूर्ण दारूबंदीच आहे. तेव्हा खालचं सगळं शिरक्यापुरतं, तेही घरगुती बरणीपुरतं.

"काहून बिघडलं भाऊ?" असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, बरणी कोणत्या टप्प्यात आहे? शिरका दोनदा आंबतो. आधी यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, मग जिवाणू त्या अल्कोहोलचं अॅसिटिक आम्ल करतात. पहिल्या टप्प्यात वायू बाहेर जाऊ द्यायचा, पण मोकळी हवा लागू द्यायची नाही. दुसऱ्यात हवाच हवी. निम्म्याहून जास्त तक्रारी हे उलटं केल्यामुळे येतात. सुरुवातीला झाकण आवळून ठेवलं तर बरणी फुटू शकते. आणि नंतरही झाकण तसंच राहिलं तर महिनोन्महिने आंबट होत नाही. पहिला जोर ओसरला, बुडबुडे थांबले की रस गाळून रुंद तोंडाच्या बरणीत ओता, थोडा जिवंत शिरका (न उकळलेला, जिवाणू असलेला) घाला आणि जुन्या धोतराचं चार पदरी कापड घट्ट बांधा. मच्छरदाणीचं कापड चालत नाही, चिलटं आरामात आत जातात.

कडूपणा आणि अडलेलं आंबवण

संत्रं सालीसकट मिक्सरमध्ये फिरवणं ही घाई महागात पडते. सालीतलं तेल यीस्टला मारक असतं, म्हणून रस दिवसेंदिवस थंड पडून राहतो. बिया आणि फोडींवरची साल भरडली गेली की ताजा रस गोड लागला तरी नंतर कडू होतो, आणि तो कडूपणा मग काही केल्या जात नाही. साल काढा, बिया काढा, हाताने हलकेच पिळा. कुजका भाग कापून उरलेलं फळ वापरू नका, बुरशी दिसते त्याहून आत गेलेली असते.

साखरेचंही तसंच. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखरेतून 1 टक्का अल्कोहोल होतं, आणि त्यातून जास्तीत जास्त तेवढंच आम्ल. संत्र्याच्या रसात लिटरला 100 ग्रॅमच्या आसपास साखर असतेच, वरून 30-40 ग्रॅम पुरे. पाव किलो घातली तर अल्कोहोल इतकं वाढतं की आम्ल करणारे जिवाणूच थंडावतात.

वरचा थर: टाकायचा की ठेवायचा?

पातळ, ओलसर, हळूहळू जेलीसारखी जाड होणारी पिवळट साय म्हणजे शिरक्याची माय, तिला हात लावू नका. पांढरा, सुरकुतलेला, बोट लावताच तुटणारा थर जंगली यीस्टचा, तो काढून टाका, शिरका वाचतो. पण केसाळ, हिरवी-काळी बुरशी आली तर सगळं फेका. वरचं काढून खालचं वापरायचा मोह नको.

नेलपॉलिशचा वास आला तर घाबरायचं कारण नाही. कापड तसंच राहू द्या, हवा मिळत गेली की तो ओसरतो.

उन्हाळा

जिवाणूंना 25 ते 30 अंश मानवतात. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 ला टेकतो, तेव्हा टिनाच्या खोलीतली बरणी मरते. आंबियाचं फळ नोव्हेंबरात लावलं तर काम फेब्रुवारीपर्यंत आटोपतं. जून महिन्यात जांभळाची बरणी लावायची असेल तर मधल्या खोलीत, फरशीवर, भोवती ओलं पोतं. मृग बहाराचं संत्रं उशिरा, उन्हाळ्याच्या तोंडावर हाती येतं, त्याचा शिरका मी तरी टाळतो.

भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं. पितळ, तांबं, जर्मनचं (अॅल्युमिनियमचं) पातेलं नाही.

माय वाटून घेताना

नुसता तुकडा देऊ नका, तिच्याच कपभर शिरक्यात द्या, म्हणजे वाटेत वाळत नाही. विरजणासारखीच ती जिवंत असते. दुकानातल्या सिंथेटिक व्हिनेगरमधून माय येत नाही, कारण ते पाण्यात आम्ल मिसळून केलेलं असतं. आणि दुसऱ्याला रीत सांगताना "थोडी साखर, अंदाजाने" म्हणू नका. ग्रॅम, तारीख आणि खोली थंड होती की गरम, तेवढं चिठ्ठीवर लिहून बरणीला चिकटवा.

लोणच्यात वापरायच्या आधी आम्ल मोजून घ्या. बाजारातल्या शिरक्यात ते कमीत कमी 3.75 टक्के लागतं. पीएच पट्टी आंबटपणा दाखवते, टक्का नाही, त्यासाठी टायट्रेशनच (प्रयोगशाळेत थेंबाथेंबाने आम्ल मोजणं) हवं. तालुक्याच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांना विचारलं तर ते काम बहुधा होऊन जातं.