पणजीचं लग्न शोधताना आधी तिचं माहेर शोधा

मुंबई राज्यात विवाह नोंदणीचा कायदा १९५३ साली आला. त्यानंतरही कित्येक घरं वर्षानुवर्षं नोंद करायला गेली नाहीत. त्यामुळे पणजी-खापरपणजीच्या लग्नाचा दाखला कचेरीत बहुधा मिळत नाही. मला असे दुवे मिळत गेले ते सुनेच्या माहेराकडून. सासरी आल्यावर नाव बदललेलं, आणि वंशावळीत अनेकदा तेही गाळलेलं. सासरच्या कागदांत तिला शोधत बसलं की वाट तिथेच खुंटते.

पहिली चौकशी घरच्या श्राद्धाची करा. महालयात, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धात, वडिलांकडच्या तीन पिढ्यांबरोबर मातामहांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं, आजोबांचं आणि पणजोबांचंही नाव गोत्रासह घेतात. आजोबांनी गुरुजींसाठी लिहून ठेवलेल्या कागदावर मला त्यांचे मातामह सापडले. म्हणजे माझ्या पणजीचे वडील! आडनाव नव्हतं, पण नाव आणि गोत्र एवढ्यावर पुढचा शोध उभा राहिला.

मग तीर्थोपाध्याय, म्हणजे तीर्थक्षेत्री यात्रेकरूंचे धार्मिक विधी करणारे पुरोहित. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या उपाध्यायांच्या वह्यांत आलेल्या यात्रेकरूंच्या नोंदींचे पिढ्यान्‌पिढ्यांचे लेख असतात. जाताना मूळ गाव, आडनाव, जात आणि माहीत असलेलं सर्वांत जुनं नाव लिहून न्या. वही बहुतेक त्यावरूनच निघते. आपल्या घराण्याचा लेख मिळाला म्हणून परत फिरू नका. माहेरचे उपाध्याय वेगळे असू शकतात, त्यांचीही वही पाहा. एकाच पुरुषाचे दोन वाऱ्यांचे लेख मिळाले तर ते फार मोलाचे. पहिल्यात बायको नाही आणि दुसऱ्यात आहे, तर लग्न बहुधा त्या मधल्या काळातलं. जुने लेख मोडी लिपीत असतात, तेव्हा वाचणारं माणूस सोबत न्या आणि फोटो काढण्याआधी परवानगी घ्या.

घरातली लग्नखर्चाची वही आणि आहेराची यादी कुणी रद्दीत देऊ नये, असं मला कळकळीने वाटतं. नवरीच्या मामाचा आहेर यादीत असला, तर तिच्या आईचं माहेरही हाती लागतं. घराण्याला इनाम (सरकारकडून मिळालेली करमाफीची जमीन) असेल तर पुण्याच्या पुरालेखागारात इनामाच्या चौकशीचे कागद पाहा. १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनपुढे हक्क सिद्ध करताना लोकांनी वंशावळी दिल्या होत्या.

तारखांकडे नीट लक्ष द्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून शकाच्या वर्षअखेरपर्यंत, म्हणजे फाल्गुनापर्यंत, ७९ मिळवायचे. शके १७८० चा माघ हा १८५९ मध्ये येतो, १८५८ मध्ये नाही. संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव दिलं असेल तर ताडून पाहा. शके १७८० ला कालयुक्तच हवा. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन (मृग नक्षत्राला सुरू होणारं वर्ष) असेल तर मृगापासून, म्हणजे जूनच्या सुमारापासून, डिसेंबरपर्यंत ५९९ आणि त्यापुढे ६०० मिळवा. तिथी चातुर्मासात किंवा सिंहस्थात (गुरू सिंह राशीत असतानाच्या काळात) पडत असेल तर वाचन पुन्हा तपासा, कारण त्या काळात लग्नं सहसा टाळत.

एकाच पुरुषापुढे दोन बायकांची नावं दिसली, तर आपली पणजी कोणती हे घाईने ठरवू नका. पहिली वारल्यावर दुसरं लग्न ही तेव्हा नेहमीची गोष्ट होती. मुलांच्या जन्मपत्रिका काढा, जन्माचे शक दोन्ही लग्नांच्या काळाशी लावून बघा, आणि मुलाने केलेल्या श्राद्धातले मातामह कोणत्या माहेरचे आहेत ते पाहा.