सॉफ्टवेअर बदलले आणि गणित सुटले

लोखंडी गाभ्याच्या विद्युतचुंबकाचे ५० हर्ट्झला चुंबकीय क्षेत्र काढण्यासाठी मी अँटेनाच्या कामात रुळलेले एफडीटीडी पद्धतीचे (जागा बारीक जाळीत आणि काळ छोट्या पायऱ्यांत मोडून क्षेत्र मोजणारे) सॉफ्टवेअरच वापरायला घेतले, आणि रात्रभर संगणक चालवूनही एक आवर्तन पुरे झाले नाही. कारण कागदावर आकडेमोड केल्यावर उमगले: १ मिलिमीटरच्या जाळीत कालपायरी २ पिकोसेकंदांहून लहान ठेवावी लागते, तर ५० हर्ट्झचे आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे एका आवर्तनाला एक हजार कोटींहून अधिक पायऱ्या. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, निवड माझी चुकली होती.

मग मी कमी वारंवारतेसाठीच बनवलेले, मोफत मिळणारे एफईएमएम (फायनाइट एलिमेंट मेथड मॅग्नेटिक्स) हे सॉफ्टवेअर घेतले. गुंडाळी अक्षाभोवती सममित असल्याने द्विमितीय छेद पुरेसा होता. गाभा घालण्यापूर्वी, व्यासाच्या दहापट लांबीची नुसती हवेतली गुंडाळी तपासली: मीटरला १००० वेढे, १ अँपिअर प्रवाह, सूत्रानुसार मध्यभागी सुमारे १.२५ मिलिटेस्ला. पहिले उत्तर कमी आले, कारण ज्यापलीकडे सॉफ्टवेअर क्षेत्र मोजत नाही ती बाहेरची सीमा मी गुंडाळीला अगदी खेटून आखली होती. ती दूर सरकवताच आकडा जुळला. ही तपासणी मी कितीही महागड्या सॉफ्टवेअरवर टाळणार नाही. त्यानंतर गाभ्याला बी-एच वक्र (चुंबकन वाढवत नेल्यावर लोखंडातले क्षेत्र कसे वाढते ते दाखवणारा आलेख) दिला, हवेच्या फटीत जाळी बारीक केली, आणि हवे ते क्षेत्र काही मिनिटांत हाती आले.