मेंदूच्या ऑपरेशननंतरचं रेडिएशन: मास्कच्या दिवसाआधी काय काय तयार हवं

मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं की जखम भरायला वेळ देऊन, साधारण 3 ते 6 आठवड्यांत रेडिएशन सुरू करतात. घरात सगळ्यांचं लक्ष पहिल्या डोसच्या तारखेकडे असतं. माझं कळकळीचं सांगणं असं, की तयारी मास्क (रेडिएशन देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात तो जाळीदार साचा) बनवायच्या दिवसापर्यंत उरका, कारण पुढचं सगळं प्लॅनिंग त्या मास्कवरच होतं.

फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोट, बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट आणि ऑपरेशनच्या आधीचा व नंतरचा एमआरआय ठेवा. एमआरआयची सीडी विसरू नका. प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनवर त्या प्रतिमा जुळवून किरण कुठे द्यायचे ते आखतात, नुसत्या कागदी रिपोर्टवर भागत नाही. पेसमेकर असेल, आधी कधी रेडिएशन झालं असेल, गरोदरपणाची शक्यता असेल किंवा कॉन्ट्रास्टची (स्कॅन स्पष्ट दिसावा म्हणून शिरेतून देतात त्या औषधाची) अ‍ॅलर्जी असेल, तर विचारायची वाट न पाहता सांगा. जखम रोज चांगल्या उजेडात बघा. पाणी येणं, लाली, फुगवटा किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी कळवा.

केस किंवा दाढी कमी करायची असेल तर मास्कच्या आधीच करा, नंतर केली तर मास्क सैल पडतो. कवळी, कानातलं, श्रवणयंत्र यांचं काय करायचं ते विचारून घ्या. प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढतात. ती ओली, कोमट लागते आणि काही मिनिटांत कडक होते. श्वास नीट घेता येतो. तरी बंद जागेची भीती असेल तर आधी बोला, त्यावर उपाय असतात.

डेक्सामेथासोन (मेंदूची सूज कमी करणारी स्टेरॉइडची गोळी) चालू असेल तर चेहरा सुजून मास्क आवळू लागतो, तेव्हा सहन करत बसू नका, टेक्निशियनला सांगा. ही गोळी खाऊनच घ्यायची, शक्यतो सकाळी-दुपारी, म्हणजे झोप मोडत नाही. मनाने अचानक बंद करायची नाही. या गोळीने रक्तातली साखर वाढू शकते, ती तपासत राहा. फिटची गोळी एकही वेळ चुकवू नका. टेमोझोलोमाइड (तोंडाने घ्यायची केमोथेरपी) दिली असेल तर ती रिकाम्या पोटी, बहुधा रेडिएशनच्या तासभर आधी घ्यायची असते. रक्ततपासणीचं वेळापत्रक तेव्हाच लिहून घ्या.

ग्लायोब्लास्टोमामध्ये (मेंदूतल्या झपाट्याने वाढणाऱ्या कॅन्सरच्या गाठीत) अनेकदा 30 डोस असतात, आठवड्याचे 5 दिवस, 6 आठवडे. वय जास्त असेल तर 15 डोसचा छोटा कोर्सही देतात. पेशंटने स्वतः गाडी चालवू नये, म्हणून सोबत कोण जाणार याच्या पाळ्या आधी ठरवा. घरच्यांनी सुट्ट्या सुरुवातीलाच संपवू नयेत, असं मला मनापासून वाटतं. थकवा शेवटच्या आठवड्यांत आणि त्यानंतर जास्त जाणवतो. केस 2-3 आठवड्यांनी, किरण जातात त्या भागातले गळू लागतात. या बाहेरून दिलेल्या किरणांमुळे शरीर किरणोत्सर्गी होत नाही, लेकरांना खुशाल जवळ घ्या.

उलट्यांसह वाढती डोकेदुखी, फिट, नवी कमजोरी किंवा जास्त गुंगी आली तर कुठे फोन करायचा, तो नंबर फ्रिजवर लावा. कोर्स संपल्यावरचा पहिला एमआरआय कधी, हेही आत्ताच विचारा. पहिल्या तीनेक महिन्यांत उपचारामुळेच प्रतिमा बिघडल्यासारखी दिसू शकते, त्यामुळे तो रिपोर्ट घरी एकट्याने वाचण्यापेक्षा डॉक्टरांची वेळ त्याच दिवसाची घ्या.